वनौषधींचे नमुने मूलद्रव्य तपासणीसाठी कसे तयार करावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अश्वगंधेत शिसं किती, हिरड्यात लोह किती, ब्राह्मीत कॅडमियम आहे का, असे प्रश्न घेऊन आमच्या प्रयोगशाळेत एमएस्सी आणि पीएचडीचे विद्यार्थी येतात, वैद्य येतात, चूर्ण करणारे छोटे उद्योजक येतात. बहुतेकांना मशीनबद्दल विचारायचं असतं. मला मात्र त्यांच्या हातातल्या पिशवीबद्दल बोलायचं असतं, कारण अहवालातला आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

तपासणीला किती नमुना लागतो?

प्रत्यक्ष डायजेशनला, म्हणजे चूर्ण आम्लात तापवून पूर्ण विरघळवायला, फक्त पाव ते अर्धा ग्रॅम. तरीही वाळलेला माल निदान ५० ते १०० ग्रॅम आणा. एका झाडाची चार पानं आणली तर तो त्या चार पानांचा निकाल होतो, शेताचा नाही. पोत्यांतला माल असेल तर वरून मूठभर उचलू नका. वेगवेगळ्या पोत्यांतून वरचा, मधला आणि तळाचा माल घ्या, स्वच्छ कागदावर ढीग करा, पसरा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि बाकीचे परत टाका. हवं तेवढं उरेपर्यंत हेच करत राहा. माती आणि बारीक चुरा पोत्याच्या तळाशी बसतो, आणि धातूही बऱ्याच वेळा त्याच्यासोबतच असतात.

मशीन इतकं अचूक असताना तयारीचा एवढा बाऊ का?

मशीन अचूक आहे म्हणूनच. आयसीपी-एमएस (मूलद्रव्यांचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) अब्जांश भागातलं शिसं मोजतं, पण ते शिसं झाडातलं की खलबत्त्यातलं हे त्याला कळत नाही.

एक हिशेब करून बघा. दख्खनच्या बेसॉल्टात लोह साधारण ९-१० टक्के असतं. त्यापासून झालेली धूळ एक ग्रॅम चूर्णात फक्त ५ मिलिग्रॅम राहिली आणि तिच्यात ९ टक्के लोह धरलं, तर चूर्णात ४५० मायक्रोग्रॅम लोह वाढलं. म्हणजे ४५० पीपीएम (दहा लाख भागांत ४५० भाग). बऱ्याच पानांत मुळात एवढंच किंवा याहूनही कमी लोह असतं. ‘आमच्या वनस्पतीत लोह भरपूर’ असं प्रबंधात लिहिण्याआधी त्या ५ मिलिग्रॅम धुळीची खात्री करून घ्यायलाच हवी.

त्यासाठी सोपी युक्ती आहे. लोहाबरोबर ॲल्युमिनियम आणि टायटेनियमही मोजून घ्या. झाडं टायटेनियम फारसं शोषत नाहीत, आणि आपल्या बेसॉल्टात ते भरपूर असतं. तिन्ही एकदम वर गेले असतील तर समजा की नमुन्यात माती आहे.

वनस्पतीची ओळख पटवून घ्यायलाच हवी का?

हो, आणि तीही दळण्याआधी. पूड झाल्यावर बोलायला काही उरत नाही. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हटलं की कोणी बॅकोपा मोनिएरी आणतं, कोणी मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली तर निदान तीन वेगळ्या वनस्पती बाजारात चालतात. फुला-फळासकट एक फांदी दाबून वाळवा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राच्या वनस्पतिसंग्रहात ओळख पटवून घ्या. मिळालेला नमुना क्रमांक अहवालात लिहा. नंतर कोणी शंका घेतली तर तोच उपयोगी पडतो.

गोळा करताना काय नोंदवायचं?

गाव, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, झाडाचा भाग, झाडाचं साधारण वय, आणि आसपास काय आहे ते: रस्ता, वीटभट्टी, नाला, फवारणी झालेलं शेत. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं अजून हललेलं नाही. ब्राह्मी आणि वेखंड पाणथळ जागी, ओढ्या-नाल्यांच्या काठी वाढतात, त्यामुळे पाण्यातून येणारे धातू ती सहज उचलतात. तिथली थोडी माती आणि बाटलीभर पाणीही घेऊन या. आज त्याची तपासणी करायची नसली तरी चालेल. निकाल विचित्र आला की त्याचीच गरज लागते, आणि तोवर पावसाळा होऊन गेलेला असतो.

पानं-मुळं धुवायची की नाही?

यावर सगळ्यात जास्त वाद होतात. याचं उत्तर तुमच्या प्रश्नात आहे. झाडाने मातीतून किती धातू उचलले हे बघायचं असेल तर धुवायलाच हवं. रुग्णाच्या पोटात काय जातं हे बघायचं असेल, तर तुमच्या कारखान्यात किंवा वैद्यांच्या घरी जितकं धुतलं जातं तितकंच धुवा, कमीही नाही आणि जास्तही नाही. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. कोणता काढलात ते अहवालात स्पष्ट लिहा.

धुताना आधी नळाच्या पाण्याने माती काढा, मग दोन-तीन वेळा डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने झटपट खंगाळा. पाण्यात भिजत मात्र ठेवू नका. पोटॅशियम पेशींतून चटकन बाहेर पडतं, त्यामुळे तासभर भिजवलेल्या पानातलं पोटॅशियम कमी भरतं. हे सगळं ताजी पानं हाताशी असतानाच करायचं. वाळलेलं पान धुतलं की धूळ जाते आणि आतले क्षारही जातात.

तुळशीच्या एकाच झुडपाची पानं आम्ही अर्धी धुऊन आणि अर्धी न धुता करून पाहिली होती. लोह आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाली आले, पोटॅशियम जागच्या जागी राहिलं. तुळशीच्या पानावर बारीक लव असते आणि धूळ तिच्यात अडकून बसते. गुळवेलीचं वेगळं आहे. तिच्या खोडावरची कागदासारखी सुटणारी साल धूळ धरते, नुसत्या पाण्याने ती निघत नाही. साल काढून चूर्ण करण्याची तुमची पद्धत असेल तर तपासणीतही काढा. अश्वगंधा आणि शतावरीची मुळं मऊ नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका.

वाळवायचं कसं आणि कशावर?

सावलीत पसरून ठेवा आणि मग ओव्हनमध्ये ६० ते ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाईतून धातू येऊ शकतात. जीआय पत्र्यावर तर मुळीच नको, त्यावर जस्ताचा थर असतो आणि ओल्या, आंबट फळांत तो उतरतो. आवळ्याच्या फोडी पत्र्यावर वाळवून जस्त मोजायला आणलं तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. धुतलेलं सुती कापड किंवा कोरा कागद उत्तम. ओला माल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून एसटीने पाठवला तर पोहोचेपर्यंत त्याला बुरशी लागते. कागदी पिशव्या वापरा.

आर्द्रता वेगळी काढायची का?

काढा. ताज्या पानात ८० टक्के पाणी असेल तर ताज्या वजनावरचा आकडा आणि सुक्या वजनावरचा आकडा यांत पाचपट फरक पडतो. यासाठी वेगळा भाग घ्या आणि १०५ अंशांवर ठेवा. तोच भाग पुढे पाऱ्यासाठी वापरू नका, कारण तापवताना पारा उडून जाऊ शकतो. पारा बघायचा असेल तर फ्रीझ ड्रायर (गोठवून निर्वातात वाळवणारं यंत्र) उत्तम, नाहीतर ४० अंशांच्या आत वाळवलेला माल.

घरच्या मिक्सरमध्ये दळलं तर चालेल का?

काय मोजायचं आहे त्यावर अवलंबून. स्टीलच्या पात्यांमधून लोह, क्रोमियम आणि निकेल झिजून येतं. मूळ जितकं कडक तितकं जास्त. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीतून टंगस्टन आणि कोबाल्ट येतं. पितळी खलबत्त्यातून तांबं आणि जस्त, जुन्या ओतीव पितळात शिसंही. पाटा-वरवंट्याचा दगड झिजतो आणि बेसॉल्ट थेट नमुन्यात उतरतो.

एकदा एका वैद्यांनी त्यांच्या अश्वगंधा चूर्णात तांबं फार येतंय म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या मुळांचं चूर्ण तपासायला दिलं. तिन्हींत ते जास्तच. चूर्णाऐवजी अख्खी मुळं मागवली, आमच्याकडच्या अगेटच्या (अकीक या कडक दगडाच्या) खलात कुटली, आणि तांबं नेहमीच्या पातळीवर आलं. त्यांच्या घरचा आजोबांच्या वेळचा पितळी खलबत्ता मी नंतर पाहिला. बत्त्याचं तोंड झिजून गुळगुळीत झालं होतं आणि खलाच्या तळाशी सोनेरी चकाकणारा खड्डा पडला होता. वर्षानुवर्षं ते पितळ चूर्णातून रुग्णांकडे जात होतं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून खल बदलला.

अगेटचा खल किंवा बॉल मिल असेल तर उत्तम. टायटेनियमच्या पात्यांचा ग्राइंडरही चांगला, फक्त मग टायटेनियमची वरची युक्ती हातची जाते. मिक्सरच हाताशी असेल तर जुना घासलेला वापरा, मधेमधे थांबून गार होऊ द्या, पहिला घाणा फेकून द्या, आणि क्रोमियम-निकेलच्या आकड्यांवर विसंबू नका. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक एवढंच हवं असेल तर घरच्या मिक्सरने फारसं बिघडत नाही.

किती बारीक दळायचं?

वस्त्रगाळ. मोजायचंच तर २५० मायक्रॉनच्या, म्हणजे ६० मेशच्या चाळणीतून जाईल इतकं. अर्धा ग्रॅम उचलल्यावर तो सगळ्या मालाचा प्रतिनिधी असायला हवा, आणि जाडसर पूड तशी नसते. चाळणी नायलॉनची घ्या, पितळी जाळीची नको. चाळणीवर राहिलेला चोथा टाकून देऊ नका, पुन्हा दळून त्यातच मिसळा. धागे आणि साल चाळून वेगळी केली तर तुम्ही झाडाचा एक भागच काढून टाकता.

भांडी कशी स्वच्छ करायची?

साबणाने धुऊन १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर, मग १८.२ मेगाओमच्या, म्हणजे अतिशुद्ध, पाण्याने तीन वेळा खंगाळून, झाकून वाळवा. बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन आणि सोडियम येतं, म्हणून त्यासाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनची भांडी. पावडर असलेले हातमोजे नकोत, त्या पावडरीत जस्त असू शकतं. सिगारेटच्या धुरात कॅडमियम असतं, त्यामुळे वजन करायच्या खोलीच्या दारातही कोणी ओढू नये.

राख करायची की आम्लात विरघळवायचं?

कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, मँगनीज एवढंच हवं असेल तर मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत) ४५० ते ५०० अंशांवर राख करून ती आम्लात घेतली तरी चालतं. महाविद्यालयात हीच सोय असते आणि तिच्यात कमीपणा काही नाही. पण पारा पूर्ण उडतो, आर्सेनिक आणि सेलेनियम बरंचसं जातं, कॅडमियम आणि शिसंही, विशेषतः क्लोराइड असेल तर, निसटतं. ‘राखेत पारा आढळला नाही’ अशी वाक्यं मी प्रबंधांत वाचली आहेत. राखेत पारा आढळणार कसा? जड धातूंसाठी बंद भांड्यातलं मायक्रोवेव्ह डायजेशनच हवं.

मायक्रोवेव्ह डायजेशनची पद्धत काय?

साध्या पानांसाठी आम्ही असं करतो. टेफ्लॉनच्या भांड्यात अर्धा ग्रॅम चूर्ण अचूक तोलून घेतो. भांड्याच्या काठाला चिकटलेली पूड आम्लानेच खाली धुऊन घेतो, कारण वर राहिलेली पूड विरघळत नाही. ६९ टक्क्यांचं ट्रेस मेटल प्रतीचं नायट्रिक आम्ल ७ मिलि, त्यावर ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिलि. झाकण न लावता १५-२० मिनिटं फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) ठेवतो, फेस आणि वायू निघून जाऊ देतो. मग भांडं बंद करून १५-२० मिनिटांत २०० अंशांपर्यंत नेतो आणि तिथे १५ मिनिटं धरतो. गार झाल्याशिवाय उघडत नाही. उघडताना तांबूस-तपकिरी वाफा येतात त्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या, आणि त्या फुप्फुसांना घातक असतात. द्रावण ५० मिलि करायचं, आणि आयसीपी-एमएसवर घालण्याआधी आणखी पातळ करायचं.

द्रावण स्वच्छ, फार तर फिकट पिवळसर दिसायला हवं. गडद पिवळं असेल तर सेंद्रिय कार्बन उरला आहे, आणि तो आयसीपी-एमएसमध्ये आर्सेनिक आणि सेलेनियमचा आकडा फुगवतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं असेल तर आणखी एक अडचण: आर्गॉन आणि क्लोरीन जोडून ७५ वस्तुमानाचा आयन बनतो, आणि आर्सेनिकचं वस्तुमानही ७५च आहे. असे जोडआयन अडवणारी हेलियमची कोलिजन सेल यंत्रात नसेल तर क्लोराइड टाळा.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यासाठी कधीही वापरू नका. त्यात दाब आणि वाफ यांचा काहीच बंदोबस्त नसतो.

जुन्या पुस्तकांत नायट्रिक-परक्लोरिक मिश्रण दिलं आहे. ते वापरू का?

शक्यतो नको. गरम परक्लोरिक आम्लाचा सेंद्रिय पदार्थाशी स्फोट होतो. वापरायचंच असेल तर आधी भरपूर नायट्रिकने बहुतेक सेंद्रिय भाग संपवायचा, मिश्रण कधीच कोरडं होऊ द्यायचं नाही, आणि परक्लोरिकसाठी खास बनवलेलं, पाण्याने धुता येणारं हूडच हवं. साध्या हूडच्या नळीत साठणारे परक्लोरेट महिन्यांनंतरही धोका करतात. असं हूड नसेल तर परक्लोरिकची बाटली कपाटातून काढूच नका, मार्गदर्शकांनी सांगितलं तरी.

डायजेशननंतर तळाशी पांढरं काहीतरी राहतं. चूक झाली का?

बहुधा ती सिलिका. नागरमोथा आणि गवतवर्गातल्या वनस्पतींत ती भरपूर असते, आणि मातीतूनही येते. शिसं-कॅडमियमसाठी गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून पुढे जाता येतं. ॲल्युमिनियम, टायटेनियम किंवा सिलिकॉनचा पूर्ण आकडा हवा असेल तर मात्र हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते काम प्रशिक्षित माणसाने, त्या आम्लाच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवूनच करायचं.

गुग्गुळ, बिब्बा, तीळ यांचं काय?

राळ आणि तेल असलेला माल फार वायू सोडतो. अर्धा ग्रॅम घेऊ नका, ०.१ ते ०.२ ग्रॅम घ्या, आम्ल घालून रात्रभर उघडं ठेवा आणि तापमान सावकाश चढवा. गुग्गुळ मिक्सरमध्ये चिकटतो, म्हणून आधी डीप फ्रीझरमध्ये कडक करून मग कुटा. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वर्षी एखादा विद्यार्थी उघड्या हातांनी बिब्बे फोडतो. नायट्राइलचे दोन जोड हातमोजे घाला.

काढा किंवा आसव-अरिष्ट तपासायचं असेल तर?

काढा आणि ज्यापासून तो केला ते भरड, दोन्ही आणा. धातूंचा थोडाच भाग पाण्यात उतरतो, उरलेला चोथ्यात राहतो, म्हणून चूर्णाचा आकडा काढ्याला लावता येत नाही. कोणत्या भांड्यात आणि कोणत्या पाण्याने काढा केला तेही सांगा. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं. त्यावर थेट नायट्रिक ओतलं तर जोरदार, धोकादायक अभिक्रिया होते. आधी जलकुंडावर मंद आचेने अल्कोहोल उडवून द्या.

भस्म आणि रसौषधी (पारा किंवा इतर धातूंपासून केलेली औषधं) याच पद्धतीने होतात का?

नाही, आणि ती सोबत आणणार असाल तर आधी कळवा. रससिंदूर किंवा कज्जलीतला पारा सल्फाइडच्या रूपात असतो, तो नुसत्या नायट्रिकमध्ये विरघळत नाही. त्याला तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिकचं अॅक्वा रेजिया लागतं. शिवाय अशा नमुन्यातला पारा टक्क्यांत असतो. तो चुकून वनस्पतींच्या भांड्यांतून गेला तर पुढचे कित्येक दिवस सगळ्यांच्या चूर्णात पारा दिसतो. म्हणून आम्ही त्यांची भांडी, पिपेट आणि कामाचा दिवससुद्धा वेगळा ठेवतो.

ब्लँक आणि प्रमाणित नमुना (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच नक्की केलेलं असतं) न घेता चालणार नाही का? खर्च वाढतो.

चालणार नाही. प्रत्येक बॅचमध्ये दोन ब्लँक, म्हणजे चूर्ण सोडून बाकी सगळं तेच. ब्लँकमध्ये जस्त आलं तर ते तुमच्या झाडाचं नाही. शक्य असेल तर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची सफरचंदाची पानं, क्रमांक १५१५, किंवा टोमॅटोची पानं, क्रमांक १५७३ए, असा एखादा प्रमाणित नमुना. तो महाग असतो, पण एक बाटली अनेक विद्यार्थ्यांत वाटून वापरता येते. तोही नसेल तर स्वतःच्या नमुन्यात धातूचं माहीत असलेलं प्रमाण डायजेशनच्या आधी घाला (याला स्पाइक म्हणतात) आणि ८० ते १२० टक्के परत मिळतं का बघा. प्रत्येक नमुना तीनदा करा. एकाच द्रावणाचं तीनदा वाचन म्हणजे तीन नमुने नव्हेत, तीन वेगळी वजनं घ्यायची.

मशीनच्या आकड्यावरून चूर्णातलं प्रमाण कसं काढायचं?

आधी ब्लँक वजा करा. मग मायक्रोग्रॅम प्रतिलिटर गुणिले एकूण घनफळ लिटरमध्ये, भागिले चूर्णाचं वजन ग्रॅममध्ये. अर्धा ग्रॅम चूर्ण, ५० मिलि द्रावण आणि वाचन १२ आलं, तर १२ × ०.०५ ÷ ०.५ म्हणजे १.२ मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम, अर्थात १.२ पीपीएम. मधे दहापट पातळ केलं असेल तर दहाने गुणायला विसरू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात.

मर्यादा किती आहेत?

आयुर्वेदिक फार्माकोपिया या अधिकृत औषधसंहितेनुसार वनस्पतिद्रव्यांत शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. कॅडमियमची मर्यादा किती खाली आहे ते बघा. ०.३ पीपीएम म्हणजे वरच्या हिशेबाने द्रावणात फक्त ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. साध्या फ्लेम एएएसवर (ज्वालेतल्या अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणारं यंत्र) हे भरवशाने दिसत नाही. त्याचाच जास्त संवेदनशील ग्रॅफाइट फर्नेस प्रकार किंवा आयसीपी-एमएस हवं, पाऱ्याला कोल्ड व्हेपर, म्हणजे न तापवता पाऱ्याची वाफ मोजणारी पद्धत.

माझ्या मालात शिसं ११ पीपीएम आलं. आता काय करू?

माल लगेच फेकू नका, आणि विकूही नका. राखून ठेवलेल्या चूर्णातून नव्याने तीन वजनं घेऊन डायजेशन पुन्हा करा, ब्लँक आणि स्पाइकसकट. आकडा टिकला तर न दळलेला माल आमच्या खलात कुटून बघू. त्यातही तेवढंच आलं तर मुळं नीट धुऊन पुन्हा बघू, सोबत टायटेनियम. धुतल्यावर खाली आलं तर दोष मातीचा आहे आणि धुण्याची पद्धत सुधारून सुटेल. नाहीच आलं, तर झाडानेच ते उचललं आहे. मग गोळा करताना आणलेली माती आणि पाण्याची बाटली घेऊन या, आणि शक्य असेल तर ज्या शेतकऱ्याकडून माल घेतला त्यांनाही सोबत आणा. त्यांच्या शेताजवळ काय आहे ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.